जुन्या बंदुकीचा नंबर: डागडुजीआधी समजून घ्यायचा कायदा

जुनी बंदूक डागडुजीला घेतली की गंज निघतो, दस्त्याचं लाकूड पुन्हा चमकायला लागतं आणि मग नजर नंबरावर जाते. तो अर्धवट झिजलेला असतो, किंवा रिसीव्हरवर (बाकीचे भाग ज्यात बसतात त्या मुख्य सांगाड्यावर) एक आणि बोल्टवर (काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणाऱ्या दांड्यावर) दुसराच असतो, किंवा मुळात नसतोच. नवख्या माणसाला साहजिकच वाटतं की बाकी सगळं नीट केलं, तर एवढंच का सोडायचं? झिजलेला नंबर पुन्हा ठोकून घेतला, न जुळणारा जुळवून घेतला, तर बिघडलं कुठे?

बरंच काही बिघडतं. काही देशांत हा सरळ गुन्हा आहे. काही देशांत ठरावीक वर्षाआधीच्या बंदुकांना सूट आहे, पण ती सूट सिद्ध करायला बहुतेक वेळा तोच नंबर लागतो. म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगतो: कायद्यात सूट असली तरी नंबराला हात लावू नये. हे मत कशावर उभं आहे आणि प्रत्यक्ष काम करताना काय करायचं, ते आता क्रमाने पाहू.

पहिली पायरी: कायदा या वस्तूला काय म्हणतो ते ठरवा

‘अँटिक’ हा शब्द बाजारात सैलपणे वापरला जातो. कायद्यात त्याला नेमकी हद्द असते आणि ती प्रत्येक देशात वेगळी असते.

अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ साली किंवा त्याआधी बनलेलं शस्त्र अँटिक मानलं जातं, आणि १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टमधल्या ‘फायरआर्म’च्या व्याख्येतून ते वगळलं आहे. इथे वर्ष मोजायचं ते रिसीव्हर किंवा फ्रेम (पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचा तसाच मुख्य सांगाडा) कधी बनली त्याचं. नळी नंतर बदलली असेल, दस्ता कालचा असेल, तरी फ्रेम १८९५ ची असेल तर शस्त्र १८९५ चं. उलटही तितकंच खरं आहे. जुने सगळे भाग नव्या फ्रेमवर चढवले तर ते नवं शस्त्र होतं.

ब्रिटनमध्ये फायरआर्म्स अ‍ॅक्ट १९६८ च्या कलम ५८ खाली अँटिक शस्त्र ‘कुतूहलाची किंवा शोभेची वस्तू’ म्हणून बाळगलं तर सूट मिळते. मार्च २०२१ पासून लागू झालेल्या अँटिक फायरआर्म्स रेग्युलेशन्सनी ही सूट आणखी नेमकी केली: शस्त्र १ सप्टेंबर १९३९ च्या आधी बनलेलं हवं, आणि ते एकतर दारू पेटवण्याच्या जुन्या ठरावीक पद्धतीचं हवं किंवा कालबाह्य काडतुसांच्या यादीतल्या मापाचं हवं. शस्त्र चालवायचा इरादा असेल तर ही सूट मिळत नाही.

भारतात शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ४५ पाहावं लागतं. जुन्या बनावटीचं, पुरातन मूल्याचं किंवा मोडकळीला आलेलं शस्त्र कायद्याच्या बाहेर राहू शकतं, पण अट अशी की ते दुरुस्ती करून किंवा न करता, कसंही बंदूक म्हणून वापरण्याजोगं नसावं. ही अट नवख्यांच्या लक्षात येत नाही. नुसती जुनी असल्यामुळे बंदूक सुटत नाही, ती कायमची निकामी असावी लागते. आणि डागडुजीचा उद्देशच तिला पुन्हा नीट करण्याचा असतो. घोड्याची स्प्रिंग बदलली, ठासणीच्या बंदुकीचं बुजलेलं छिद्र मोकळं केलं, की जी वस्तू काल कायद्याबाहेर होती असं आपण धरून चाललो, ती आज कायद्याच्या आत येते. खरं तर ‘दुरुस्ती करून’ हे शब्द पाहता ती कालही आतच होती. ती वापरण्याजोगी आहे की नाही हे शेवटी तज्ज्ञाच्या तपासणीवर ठरतं. मालकाला काय वाटतं त्याला तिथे वजन नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने शस्त्र नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार ‘क्युरिओ’ (संग्रहात ठेवण्याजोग्या दुर्मिळ वस्तू) वर्गातली लहान शस्त्रं घेण्यासाठी आणि बाळगण्यासाठी भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही. ती वापरायची, घेऊन हिंडायची किंवा हलवायची तर मात्र लागतो. ही सवलत बाळगण्यापुरती आहे. नंबर बदलण्याची मोकळीक तिच्यातून निघत नाही.

आंतरराष्ट्रीय पातळीवर संयुक्त राष्ट्रांचा फायरआर्म्स प्रोटोकॉल आहे. तो २००१ मध्ये मंजूर झाला आणि २००५ पासून लागू आहे. अँटिक म्हणजे काय हे प्रत्येक देशाने आपल्या कायद्याने ठरवावं, पण १८९९ नंतर बनलेलं शस्त्र कोणत्याही परिस्थितीत अँटिकमध्ये धरू नये, असं तो सांगतो. शस्त्रावरच्या खुणा बेकायदा पुसणं, काढणं, बदलणं किंवा खोट्या करणं हा गुन्हा ठरवावा, हेही त्यातच आहे.

दुसरी पायरी: कुठला आकडा कशाचा आहे ते ओळखा

जुन्या शस्त्रावर आकडे अनेक असतात आणि नवखा माणूस भलत्याच आकड्याला नंबर समजतो.

खरा अनुक्रमांक बहुतेक वेळा फ्रेमवर किंवा रिसीव्हरवर असतो. कोल्टच्या १८७३ च्या सिंगल अ‍ॅक्शन आर्मी रिव्हॉल्व्हरवर तो फ्रेमवर, चापाच्या कड्यावर आणि मुठीच्या मागच्या पट्टीवर असा वेगवेगळ्या ठिकाणी सापडतो. जर्मन लष्करी शस्त्रांत मुख्य नंबर एका जागी आणि त्याचे शेवटचे दोन आकडे बारीकसारीक भागांवर मारण्याची पद्धत होती. पी-०८ (लुगर) पिस्तुलावर ते स्पष्ट दिसतात. जुळणीच्या वेळी भाग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून कारखान्याने आतल्या बाजूला मारलेले जुळणी क्रमांक वेगळेच असतात. स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरमध्ये हे आकडे चटकन दिसतात आणि लोक त्यांनाच सिरियल नंबर धरून बसतात. पलटणीचा क्रमांक, शस्त्रागारातल्या मांडणीचा क्रमांक, तपासनिसाचा शिक्का, नळीच्या चाचणीचा ठसा, पेटंटची तारीख, हे सगळं याशिवाय असतं. पेटंटच्या तारखेने फार जण फसतात. नळीवर १८७१ चं पेटंट लिहिलं आहे म्हणून बंदूक १८७१ ची होत नाही. ते पेटंट वापरून कारखान्याने पुढे कितीही वर्षं बंदुका बनवलेल्या असू शकतात.

देवनागरी वाचणाऱ्या माणसाला इथे एक फायदा आहे. नेपाळच्या जुन्या शस्त्रसाठ्यातून २००३ मध्ये मोठ्या संख्येने बंदुका अमेरिकेत गेल्या. त्यांतल्या मार्टिनी-हेन्री पद्धतीच्या बंदुकांवर देवनागरी अंक आणि अक्षरं आहेत. परदेशातल्या कित्येक नव्या संग्राहकांना ती नुसती नक्षी वाटते. बिकानेरच्या शस्त्रागारातल्या हत्यारांवरही टोच्याने ठिपके मारून काढलेली देवनागरी अक्षरं आणि आकडे सापडतात. ते इतके उथळ असतात की एका जोरदार पॉलिशमध्ये नाहीसे होतील. असा आकडा दिसला की तो सुटा लिहून ठेवा. शस्त्र कुठून आलं हे सांगणारी तेवढीच एक खूण त्यावर असू शकते.

आता कायद्याच्या दृष्टीने हे सगळे आकडे सारखेच का? नाहीत, आणि पुढची पायरी याचीच आहे.

तिसरी पायरी: नंबराबद्दलचं नेमकं कलम वाचा

भारताच्या शस्त्र अधिनियमाचं कलम ८ जवळून वाचण्यासारखं आहे. त्याच्या पहिल्या पोटकलमानुसार शस्त्रावर ठोकलेलं किंवा अन्य प्रकारे दाखवलेलं कोणतंही नाव, क्रमांक किंवा ओळखीची खूण पुसणं, काढणं, बदलणं किंवा बनावट करणं याला मनाई आहे. इथे फक्त ‘सिरियल नंबर’ म्हटलेलं नाही. बनवणाऱ्याचं नाव आलं, बोल्टवरचा आकडा आला, चाचणीचा ठसाही आला. म्हणजे नळीवरचं पुसट झालेलं कारखान्याचं नाव हौसेने पुन्हा कोरून घेणारा माणूसही याच कलमाच्या तोंडी उभा राहतो.

दुसरं पोटकलम विक्रीचं आहे: अशी खूण नसलेलं शस्त्र विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. तिसरं सगळ्यांत जड आहे. एखाद्याच्या ताब्यात नाव किंवा नंबर नसलेलं, किंवा ते पुसलेलं, बदललेलं शस्त्र सापडलं, तर ते त्यानेच केलं असं कायदा गृहीत धरतो. तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. आजोबांच्या काळात कोणीतरी नंबर घासला असेल, तरी आज शस्त्र ज्याच्या हातात आहे त्यालाच उत्तर द्यावं लागतं. कलम ८ मोडल्याची शिक्षा कलम २५ मध्ये आहे आणि ती तुरुंगवासाची आहे.

अमेरिकेत रचना वेगळी आहे. संघीय संहितेच्या अठराव्या भागातलं कलम ९२२(के) सांगतं की उत्पादकाचा किंवा आयातदाराचा अनुक्रमांक काढलेलं, पुसलेलं किंवा बदललेलं शस्त्र जाणूनबुजून बाळगणं, घेणं किंवा राज्याबाहेर पाठवणं हा गुन्हा आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत होऊ शकते. असं शस्त्र राज्याबाहेर नेण्यावर १९३८ च्या कायद्यापासून बंदी होती. नुसतं बाळगणंही गुन्हा ठरवणारी भर १९९० मध्ये पडली. २०२२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या एका संघीय न्यायाधीशाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं होतं. त्या बातमीच्या आधारावर ‘आता नंबर काढला तरी चालतो’ असं सांगणारे लोक अजून भेटतात. फोर्थ सर्किट या संघीय अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये तो निकाल फिरवला. त्यामुळे अर्धवट ऐकलेल्या निकालावर विसंबू नका.

हे कलम ‘फायरआर्म’ला लागू आहे आणि १८९८ पर्यंतचं अँटिक त्या व्याख्येत बसत नाही. म्हणून संघीय कायद्यापुरतं १८९० च्या विंचेस्टरचा नंबर हा ९२२(के)चा विषय होत नाही. इथे दोन खड्डे आहेत. पहिला राज्यांचा: राज्यांचे कायदे वेगळे आहेत आणि संघीय सूट राज्यातही चालेल असं धरता येत नाही. दुसरा नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टचा. आखूड नळीची बंदूक, स्वयंचलित शस्त्र वगैरे त्याखाली येतात आणि त्यातली अँटिकची व्याख्या जास्त कडक आहे. सहज मिळणाऱ्या तयार काडतुसावर चालणारं शस्त्र १८९८ च्या आधीचं असलं तरी त्या व्याख्येने सुटत नाही. म्हणजे १८९० च्या दशकातली काडतुसाची शॉटगन कोणीतरी कधीकाळी कापून आखूड केलेली असेल, तर तुमच्या हातात अँटिक नसून नोंदणी नसलेलं प्रतिबंधित शस्त्र आहे. या कायद्याखाली नंबर बदलणं आणि नंबर बदललेलं शस्त्र बाळगणं हे दोन स्वतंत्र गुन्हे आहेत, आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत आहे.

ब्रिटनमध्ये नंबराइतकाच चाचणीच्या ठशांचा प्रश्न महत्त्वाचा आहे. लंडन आणि बर्मिंगहॅम इथल्या प्रूफ हाउसमध्ये नळी तपासून ठसा मारला जातो, आणि तो बनावट करणं १८६८ च्या गन बॅरल प्रूफ अ‍ॅक्टपासून गुन्हा आहे. युरोपीय संघाच्या २०२१ च्या निर्देशात नळी, फ्रेम, रिसीव्हर, स्लाइड, सिलिंडर आणि बोल्ट हे सगळे ‘अत्यावश्यक भाग’ मानले आहेत. त्यामुळे तिथे बोल्टवरचा आकडा किरकोळ समजून सोडून देता येत नाही.

सूट असेल तरी का नको

समजा तुम्ही अशा ठिकाणी आहात जिथे अँटिकला पूर्ण सूट आहे. मग बदलायला हरकत काय?

शस्त्र १८९८ पर्यंतचं आहे हे सिद्ध कशाने होतं? विंचेस्टरचं १८९४ चं मॉडेल घ्या. ते १८९४ मध्ये सुरू झालं आणि विसाव्या शतकातही दशकानुदशकं बनत राहिलं. १८९७ ची बंदूक आणि १९०५ ची बंदूक शेजारी ठेवली तर नवख्याला फरक सांगता येणार नाही. फरक सांगतो तो नंबर. वायोमिंगमधल्या कोडी इथल्या शस्त्र संग्रहालयात विंचेस्टरच्या कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या आहेत आणि नंबर दिला की त्यातून माहिती काढता येते. कोल्टही आपल्या दफ्तरातून नंबरावरून तसं पत्र देते. नंबर घासला किंवा ‘जरा नीट’ करताना तीनाचा आठ झाला, की त्या नोंदीचा धागा तुटतो. मग तुमचं शस्त्र अँटिक आहे हे म्हणायला तुमच्या तोंडच्या शब्दाशिवाय काहीच उरत नाही, आणि जी सूट होती म्हणून नंबराला हात लावला ती सूटच हातची जाते.

नावाचंही तसंच आहे. चिलीसाठी बनलेल्या १८९५ च्या माउझर रायफलींवर बर्लिनच्या लुडविग लोवे कंपनीचं नाव असेल, तर ती शतक संपण्याआधीची आहे हे नावावरूनच कळतं, कारण ती कंपनी १८९० च्या दशकातच डीडब्ल्यूएम या जर्मन शस्त्रकंपनीत विलीन झाली. हे नाव रिसीव्हरच्या कडेला बारीक अक्षरांत असतं. पॉलिशच्या चाकावर ते एका मिनिटात जातं.

चौथी पायरी: हत्यार उचलण्याआधी नोंद करा

कलम ८ मधलं गृहीतक लक्षात घेतलं तर ही पायरी कधीच टाळू नये. शस्त्र हातात आलं त्या स्थितीत, तेल किंवा कापडही न लावता, प्रत्येक खुणेचे फोटो काढा. उजेड समोरून नको, बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला टेकून यावा. समोरून सपाट दिसणारी जागा अशा तिरक्या उजेडात आकडा दाखवते. दिवा चारही बाजूंनी फिरवून फोटो घ्या, कारण सातची आडवी रेघ एका दिशेने दिसते आणि उभी दुसऱ्या दिशेने. शेजारी मोजपट्टी ठेवा. जे वाचता येतं ते वहीत लिहा आणि जे येत नाही तिथे प्रश्नचिन्ह ठेवा. अंदाजाने आकडा भरू नका.

सोबत कागद जमवा: परवाना, वारसाहक्काची कागदपत्रं, खरेदीची पावती, आधीच्या मालकाचं पत्र. भारतात परवान्यावर शस्त्राचा नंबर नोंदलेला असतो. परवान्यावरचा आणि शस्त्रावरचा नंबर अक्षर न अक्षर ताडून पाहा. जुन्या हस्तलिखित परवान्यांत आकडा चुकीचा उतरलेला असू शकतो. तफावत दिसली तर परवाना प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून कागद दुरुस्त करून घ्यायचा. शस्त्र कागदाला जुळवायचं नाही.

पाचवी पायरी: काम कोणाकडून आणि कसं

भारतात शस्त्राची दुरुस्ती किंवा रूपांतर करण्याच्या धंद्यालाही कलम ५ खाली परवाना लागतो. घरामागच्या लोहाराकडे किंवा साच्यांच्या कारखान्यात शस्त्र देऊ नका. परवानाधारक कारागिराला कामाची यादी लेखी द्या आणि त्यात स्पष्ट लिहा: ‘कोणत्याही नाव, क्रमांक, ठसा यावर घासकाम, कोरीवकाम किंवा ठोकाठोक करू नये.’ काम झाल्यावर त्याच यादीवर त्याची सही घ्या.

गंज काढताना नंबराभोवती एमरी पेपर आणि कापडाचं फिरतं चाक नकोच. चाक धातू ओढून नेतं. आकड्याच्या कडा गोल होतात आणि एका बाजूला शेपटी ओढल्यासारख्या दिसतात. हलकं तेल लावून थांबा, मग लाकडाच्या किंवा हाडाच्या टोकाने गंज हळूहळू सोडवा. आकड्यातला मळ मऊ ब्रशने काढा. पुन्हा ब्ल्यूइंग (पोलादावर गंजरोधक निळसर-काळा थर चढवणं) करायचा हट्ट असेल तर तयारीचं घासकाम नंबराच्या बरंच अलीकडे थांबवा. तेवढा भाग जुना दिसेल. दिसू दे.

अडचणीची प्रकरणं

*नंबर झिजला आहे, पण खोलवर वाचता येतो.* पुन्हा ठोकून खोल करणं मूळ आकडाच राखतं असं वाटतं, पण ते बदलच आहे. पंचाच्या मारामुळे कडेला धातूची बारीक ओठासारखी किनार वर येते, आणि झिजलेल्या जुन्या आकड्याची ती सपाट झालेली असते. नंतर मारलेल्या आकड्याला ती किनार राहते आणि नख फिरवलं तरी लागते. पारखी माणसाला ती लगेच कळते, आणि मग उरलेल्या सगळ्या शस्त्रावरच संशय येतो.

*नंबर नाहीच.* ही स्थिती दर वेळी संशयाची नसते. अमेरिकेत १९६८ च्या आधी सगळ्या शस्त्रांवर अनुक्रमांक सक्तीचा नव्हता. त्या काळच्या साध्या पॉइंट टू-टू रायफली आणि शॉटगन बिनानंबराच्या मिळतात आणि त्या तशाच कायदेशीर आहेत. तोड्याच्या किंवा चकमकीच्या बंदुकीवर आजच्या अर्थाचा अनुक्रमांक शोधणंच चुकीचं. प्रश्न हा असतो की नंबर कधीच नव्हता, की होता आणि घालवला. घासलेली जागा सहसा आजूबाजूपेक्षा किंचित खोलगट असते आणि तिथल्या धातूचा पोत वेगळा दिसतो. स्वतःहून नवा नंबर मारू नका. भारतात परवाना प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्तालयाकडे, लेखी अर्ज करून ओळखखुणेबद्दल आदेश मागा. अमेरिकेत एटीएफ या शस्त्रांवर देखरेख करणाऱ्या संघीय संस्थेच्या कार्यालयाशी लेखी संपर्क करा.

*बोल्टचा नंबर जुळत नाही.* जुळणाऱ्या नंबरांची किंमत जास्त येते म्हणून बोल्टवरचा आकडा घासून रिसीव्हरचा मारण्याचा उद्योग चालतो. भारतात तो कलम ८ च्या शब्दांत थेट बसतो. इतरत्र आकड्याचा गुन्हा लागला नाही तरी असं शस्त्र मूळ जुळणीचं म्हणून विकणं ही फसवणूक आहे. मात्र प्रत्येक बदललेला आकडा बनावट नसतो. सोव्हिएत शस्त्रागारांनी युद्धानंतर मोसिन-नागां रायफली दुरुस्त करताना बोल्टवरचा जुना नंबर रेघ मारून खोडला आणि रायफलीचा नवा मारला. ते सरकारी काम आहे आणि त्या रायफलीच्या इतिहासाचा भाग आहे. ‘खोडलेलं दिसतं’ म्हणून ती रेघ घासून साफ करणारा माणूस खरा पुरावा नाहीसा करतो.

*फ्रेमला तडा गेला आहे.* नवी फ्रेम बसवून तिच्यावर जुना नंबर मारायचा नाही. नव्या फ्रेमबरोबर नव्या शस्त्राचे सगळे नियम येतात आणि जुन्या शस्त्राचं वय तिला लागत नाही. तडा गेलेली मूळ फ्रेम शोभेसाठी राखणं मला जास्त पटतं.

*आयातदाराची खूण कुरूप दिसते.* अमेरिकेत आलेल्या लष्करी रायफलींच्या नळीवर आयातदाराचं नाव मारलेलं असतं आणि कित्येकांना ते काढून टाकावंसं वाटतं. पण ९२२(के)मध्ये उत्पादकाबरोबर आयातदाराचा अनुक्रमांकही स्पष्ट लिहिला आहे, आणि अनेकदा तो त्याच ओळीत असतो. ती ओळ जशी आहे तशी राहू द्या.

*शस्त्र हातात आलं तेव्हाच नंबर घासलेला होता.* काम तिथेच थांबवा. विकू नका, कोणाला देऊ नका, सुटे भाग करू नका, आणि आम्ल लावून घरी आकडा वर आणायचा प्रयत्न करू नका. ठसा मारताना खालच्या थरापर्यंत धातू दबतो. त्यामुळे वरचा आकडा गेला तरी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत फ्रायच्या द्रावणाने (धातूवर लावायचं आम्लाचं मिश्रण) किंवा चुंबकीय पद्धतीने तो बऱ्याचदा वाचता येतो. तुम्ही घरी आम्ल वापरलं तर ती संधी संपते आणि वर पुरावा नष्ट केल्याचा संशयही तुमच्यावरच येतो. आधी शस्त्र कायद्याचं काम करणाऱ्या वकिलाला गाठा. भारतात शस्त्र स्वतः उचलून पोलीस ठाण्यात नेण्याआधीच हे करा, कारण बिनापरवाना वाहतूक हा वेगळाच प्रश्न उभा करते. मग वकिलामार्फत प्राधिकाऱ्याला लेखी कळवा आणि पोच घ्या.

विकताना किंवा देशाबाहेर नेताना

विक्रीच्या कागदावर शस्त्रावर जे दिसतं तेच लिहा: ‘रिसीव्हरवर चार आकडे, तिसरा वाचता येत नाही, बोल्टवर वेगळा क्रमांक.’ डागडुजीत काय बदललं तेही त्याच कागदावर यायला हवं, आणि आधी काढलेले फोटो त्याला जोडा. घेणाऱ्याकडे परवाना लागत असेल तर तो पाहिल्याशिवाय शस्त्र हातात देऊ नका.

भारतातून बाहेर पाठवायचा विचार असेल तर पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम १९७२ आडवा येतो. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू त्याखाली पुरावशेष ठरतात आणि खासगी व्यक्तीला त्यांची निर्यात करता येत नाही. इथेही अधिकारी आधी तारीख विचारणार, आणि तारखेसाठी तोच नंबर, तेच नाव आणि तोच ठसा तपासणार. उलट दिशेने, परदेशात घेतलेलं जुनं शस्त्र भारतात आणायचं असेल तर परदेशातली अँटिकची सूट इथे चालत नाही. विमानाचं तिकीट काढण्याआधी शस्त्र अधिनियम आणि सीमाशुल्क या दोन्ही बाजूंनी लेखी परवानगी हातात असू द्या, आणि त्या परवानगीवर शस्त्राचा नंबर शस्त्रावर दिसतो तसाच, न वाचता येणाऱ्या आकड्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून, लिहून घ्या.